गुरुवारची एकच नोंद

“तेजे, हा मोर आहे की कबूतर?”

ऋजुतानं असं विचारलं आणि अख्खी कॉम्प्युटर लॅब हसली. अख्खी म्हणजे आम्ही धरून सात जण आणि बोडके सर, पण आठवीत असताना तेवढेही पुष्कळ वाटतात. मीसुद्धा हसले. हसण्यासारखंच होतं ते! आमच्या गेमच्या शेवटी एक मोठा दिवाणखाना येतो. त्याच्या भिंतीवर माझ्या आईचा व्हिडिओ चालतो. मागावर बसलेली आई, तिचे हात आणि पैठणीच्या पदरावर ओळीओळीनं उगवत जाणारा बांगडी मोर, बांगडीच्या गोलातला. मोराची मान चिंतामणी रंगाची. चिंतामणी म्हणजे काय ते आमच्या येवल्यात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. निळा, पण त्याच्या पोटात जांभळा लपलेला. कापड हललं की तो बाहेर डोकावतो, थांबलं की परत आत.

आणि आमच्या भिंतीवर जे चाललं होतं त्याचा रंग होता शाळेच्या शर्टाचा. तोही चार वर्षं धुतलेल्या.

“फोनवर तर छान होता,” मी म्हणाले.

“मग फोनवरच खेळू या गेम,” ऋजुता म्हणाली. परत सगळे हसले.

ऋजुता अशीच. बालवाडीपासून माझी मैत्रीण. तिनं बोलायचं आणि मी करायचं, अशी आमची वाटणीच होती. स्नेहसंमेलनात ती सूत्रसंचालन करायची, मी पडद्यामागे माइकच्या वायरी जोडायची. आज मी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर बातम्या वाचते, वादविवादात बक्षीस आणते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी बेंचखाली लपले असते. तेव्हा मला ऋजुता पुरायची. आमच्या दोघींचं मिळून एकच तोंड होतं आणि ते तिच्याकडे होतं.

पंधरा दिवसांवर नाशिकला गेमची स्पर्धा होती. शाळाशाळांतून जोड्या येणार होत्या. विषय, आपल्या गावची कला. आमच्या गेममध्ये बांगडीतला एक मोर आपले रंग हरवून बसतो, खेळणाऱ्यानं ते गल्लीगल्लीतून गोळा करून आणायचे. पोपटी, डाळिंबी, वांगी रंग आणि सगळ्यात शेवटी चिंतामणी. तो मिळाला की दिवाणखान्याचं दार उघडतं आणि खरा मोर विणताना दिसतो. आता इतकं पळून पळून शेवटी कबूतर दिसलं तर खेळणारा काय म्हणेल?

“सर, हे असं का झालं?” मी विचारलं.

बोडके सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. टेबलाला सुतळीनं बांधलेली लाल बाइंडिंगची वही. सरांची बदल-वही. गेममध्ये कोणी काहीही बदललं, अगदी एक दिवा हलवला तरी तिच्यात लिहायचं. तारीख, वेळ, काय बदललं, सही. आणि एका वेळी एकच बदल करायचा. “दोन औषधं एकदम घेतली तर कुठल्यानं पुरळ उठलं ते कसं कळणार?” हे सरांचं वाक्य आम्हाला राष्ट्रगीतासारखं पाठ होतं.

मी वही उघडली. आदल्या दिवशी, गुरुवारी, मी तालुका पातळीच्या खो-खोला गेले होते. ऋजुता एकटीच लॅबमध्ये होती. गुरुवारची एकच नोंद होती, तिच्या गोल गोल अक्षरात.

१८ जानेवारी. ४.२०. शेवटचा व्हिडिओ टाकला. ऋजुता.

“बघ,” ती माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, “तुझा व्हिडिओ टाकला, एवढंच केलं मी.”

“म्हणजे गडबड व्हिडिओत आहे,” सर म्हणाले. “तिथून सुरुवात कर, क्षीरसागर.”

मला खरं तर मजा वाटली. मला शोधायला आवडायचं. मिक्सर बिघडला तर दुकानात न्यायच्या आधी मी तो उघडून बसायची.

“नाहीतर काढूनच टाकू या ना व्हिडिओ,” ऋजुता बॅग भरताना म्हणाली. “शेवटी माझा सूर्यास्त दाखवू. तो पण भारी झालाय.”

“वेडी आहेस का? आई आहे त्यात!”

“तसं नाही गं. तुझे कष्ट वाचतील म्हणून म्हटलं.”

*

आमचा माग पुढच्या खोलीतच आहे, खड्ड्याचा. दारातून आत आलं की आधी आईचं डोकं दिसतं, मग आई.

“आई, तुझ्या मोराचा रंग उडालाय.”

तिनं वर पाहिलंही नाही. “कुठल्या मोराचा?”

“गेममधल्या.”

“मग तुझ्या गेमचा उडालाय. माझा इथं आहे, बघ.”

बघितला. होता. जांभळ्यासकट.

“पण फोटोत असा येतोय बघ.” लॅबच्या स्क्रीनचा फोटो काढून आणला होता, तो मी तिच्या नाकासमोर धरला.

आईनं हातातली रेशमाची तिल्ली खाली ठेवली. पदर पुढे घेऊन फोन नीट पाहिला. “अगंबाई, हे काय? हा तर आजारी दिसतोय.”

“वहीत गुरुवारी दुसरं काहीच नाहीये. फक्त तुझा व्हिडिओ.”

“वहीला काय डोळे असतात?” आई म्हणाली आणि परत विणायला लागली. “रंग पक्का आहे. पंचवीस वर्षं झाली हे बघतेय मी.”

मी मागाखाली पडलेले रेशमाचे तुकडे गोळा केले. चिंतामणीचे, बांगडीच्या डाळिंबी काठाचे, पोपटी पानांचे. सोमवारी ते लॅबमधल्या मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं चिकटवले, म्हणजे खरा रंग आणि पडद्यावरचा शेजारी शेजारी दिसेल. सातवीची पोरं येऊन विचारायची, “ताई, मॉनिटरला राखी बांधलीय का?”

मग माझे उद्योग सुरू झाले. व्हिडिओचा उजेड कमी केला. मोर सुधारला, आईचे हात काळे पडले. लाल वाढवला, तर दिवाणखान्यात लग्नाचा मांडव घातल्यासारखं दिसायला लागलं. तोच व्हिडिओ सरांच्या लॅपटॉपवर लावला, प्रोजेक्टरवर लावला, ऋजुताच्या बाबांच्या दवाखान्यातल्या टीव्हीवरसुद्धा लावला. तिचे बाबा दातांचे डॉक्टर. खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या आजोबांनी पूर्ण बघितला आणि तोंडात कापूस घेऊन काहीतरी छान म्हणाले. तिथं रंग बराचसा नीट होता. पण प्रत्येक पडद्यावर थोडा वेगळा दिसला, कुठं निळसर, कुठं पिवळसर, आणि त्यानं मी आणखीच गोंधळले.

“सोड ना,” ऋजुता म्हणाली. “एका व्हिडिओसाठी आठवडा घालवणार का?”

तिचा वेळ मात्र छान चालला होता. गेममधल्या तिच्या गल्लीत ऊन उतरलं होतं. खरंच सांगते, सुंदर ऊन होतं ते. ओट्याच्या कडेवरून घरंगळत खाली यायचं, कोपऱ्यातल्या सावलीत मऊ व्हायचं. आधी तिचं ऊन ट्यूबलाइटसारखं भगभगीत असायचं. एकदम कसं सुधारलं विचारलं तर म्हणाली, “हात बसला आता.”

*

मंगळवारी मी आईला शाळेत घेऊन आले. मला वाटलं, तिचे डोळे तयार आहेत, तिला कळेल काय कमी आहे ते.

आई पहिल्यांदाच लॅबमध्ये आली होती. चपला बाहेर काढून आली. मी म्हटलं, “अगं, चालतात,” तरी तिनं काढल्याच. सर उठून उभे राहिले, तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. मी गेम सुरू करून पळत पळत दिवाणखान्यापर्यंत आणला. दार उघडलं. भिंतभर आई.

ती बराच वेळ बघत राहिली. शेजारी रेशमाचे तुकडे चिकटवलेले होते. तिनं त्यातला चिंतामणी बोटानं चाचपला, परत पडद्याकडे पाहिलं.

“काय वाटतं, ताई?” सरांनी विचारलं.

आईनं पदर सावरला. मोठा पडदा, सर, चकचकीत फरशी. तिथं तिचा आवाज घरच्यासारखा निघाला नसता.

“काकू,” ऋजुता गोड आवाजात म्हणाली, “रेशमाचा लॉट फिका आला असेल का? शेवटच्या मोराला नवा लॉट लावला म्हणत होतात ना?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. प्रश्न ऋजुतानं विचारला होता, पण बघितलं तिनं माझ्याकडे.

आणि मी मान हलवली. “असेल, आई. वहीत दुसरं काहीच नाहीये.”

“बघते मी,” आई म्हणाली. दाराबाहेर वाकून चपला घातल्या आणि गेली.

*

शुक्रवारी झेंडावंदन झालं. शनिवारी सकाळची शाळा. बोडके सरांनी मला टेबलापाशी बोलावलं.

“क्षीरसागर, आठ दिवस तू आजारी माणसाला पावडर लावते आहेस. आजार कुठं आहे ते शोधलंस का?”

“व्हिडिओत, सर.”

“कशावरून?”

“वहीवरून.”

“वही बाजूला ठेव. दिवाळीच्या सुट्टीआधीची गेमची जुनी प्रत माझ्या कपाटात आहे. त्या प्रतीत हाच व्हिडिओ टाक.”

टाकला. चालू केला. आणि भिंतीवर मोर उभा राहिला. मोर! चिंतामणी, पोटातल्या जांभळ्यासकट, कडेच्या रेशमाशी तंतोतंत जुळणारा. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातून बाई डोकावून गेल्या.

म्हणजे व्हिडिओ बरोबर होता. तोच व्हिडिओ, दोन गेम, दोन रंग. मी दोन कॉम्प्युटर शेजारी लावले. एकावर जुनी प्रत, एकावर नवी, आणि सेटिंगचं एकेक पान वरून खाली वाचत सुटले. अकराव्या पानावर सापडलं. गेम इंजिननं रंगांचा हिशेब कसा करायचा त्याचे दोन प्रकार असतात. गॅमा आणि लिनियर. जुन्या प्रतीत गॅमा होतं, नव्यात लिनियर.

सरांनी फळ्यावर समजावलं. “व्हिडिओतले रंग आधीच पडद्यासाठी उजळून ठेवलेले असतात. लिनियरमध्ये इंजिन शेवटी सगळं पुन्हा एकदा उजळवतं. म्हणून आत येताना त्याला सांगावं लागतं, बाबा, हे उजळलेलं आहे, आधी उतरव. नाही सांगितलं तर?”

“दोनदा उजळतं!”

“आणि दोनदा धुतलेल्या कापडाचं काय होतं?”

मी नव्या प्रतीची नक्कल काढली आणि ती परत गॅमावर टाकली. मोर सुधारला, पण ऋजुताचं ऊन मेलं. तेच जुनं ट्यूबलाइटचं ऊन. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी परत लिनियर केलं आणि व्हिडिओ ज्या चौकटीत चालतो तिची सेटिंग उघडली. तिथं एक रिकामा चौकोन होता. ‘हे रंग उजळलेले आहेत.’ अर्थ असा, शब्द इंग्रजी. त्यात टिक केली.

एक टिक. ऊन ऊनच राहिलं आणि मोर मोर झाला.

“पण सेटिंग बदललं कोणी?” सर म्हणाले. “वहीत नोंद दिसत नाही.”

“झालं असेल चुकून, सर!” मी म्हणाले. बॅगेची चेनही लावली नाही. घरापर्यंत पळत गेले.

*

“आई! तुझा रंग बरोबर होता! पक्का होता! सेटिंगची चूक होती, एक टिक...”

आई मागावर होती. माझं बोलणं संपेपर्यंत ती थांबली. विणून झालेल्या पदरावर नेहमी एक जुनं धोतर टाकलेलं असतं, धूळ बसू नये म्हणून. ते आज बाजूला होतं. खड्ड्याच्या कडेला एका ताटलीत चिंतामणी रेशमाचा गुंता पडला होता. कुरळ्या कुरळ्या तारा, विणून सोडवलेल्या.

मागावर मोर होता. पण तो नव्हे. दुसरा. त्याची मान काळपट निळी होती, शाईच्या दौतीतल्यासारखी. जांभळा नावालाही नव्हता.

“सोडलास?” मी विचारलं.

“पाच बोटं.” आई म्हणाली. दिवसाला एक बोट, फार तर दीड, एवढंच होतं पदराचं काम. “मंगळवारी आले ना शाळेतून, तेव्हाच सोडायला घेतला. रंगाऱ्याकडून गडद आणवला. म्हटलं, तुझ्या पडद्यावर तरी नीट दिसेल.”

मंगळवार ते शनिवार मी रोज त्या मागाला वळसा घालून आत गेले होते. फोनमध्ये तोंड घालून.

“मग आता परत सोड ना! पहिलाच बरोबर होता. परत तोच विण.”

“रेशीम दोनदा सोसत नाही गं. परत सोडलं तर उभी तार फुलेल. आहे तो राहू दे.”

“पण तुला माहीत होतं ना रंग पक्का आहे? पंचवीस वर्षं... तूच म्हणालीस!”

“तू मान हलवलीस ना,” आई म्हणाली.

रागावून नाही. धोट्यात कुठला रंग आहे ते सांगावं, तशी म्हणाली.

मी खड्ड्याच्या कडेला बसले. रडले नाही. ताटलीतला गुंता बोटांनी सुटा करत राहिले. तो सुटत नव्हता.

थोड्या वेळानं आईनं विचारलं, “मग बिघडवलं कोणी?”

“झालं असेल चुकून.”

“चुकूनसुद्धा कोणाच्या तरी हातूनच होतं.” तिनं विणलेल्या भागावर बोट ठेवलं आणि ओळीवरून ओळ खाली खाली आणलं. “दोष कुठल्या ओळीत शिरला ते सांगता येतं, तेजू. मागं मागं जायचं. जिथं बोट अडतं, ती ओळ. मग त्या ओळीला मागावर कोण बसलं होतं, तेही कळतं.”

*

सोमवारी शाळा भरायच्या आधीच मी लॅबमध्ये गेले. शनिवारी मी जिची नक्कल काढली त्या मूळ प्रतीतली सेटिंगची फाइल शेवटची कधी बदलली गेली ते कॉम्प्युटर स्वतःच लिहून ठेवतो. त्याला वहीची गरज लागत नाही.

१८ जानेवारी. ४.५२.

गुरुवार. व्हिडिओनंतर बत्तीस मिनिटं. मी तेव्हा खो-खोच्या मैदानावर खांबाजवळ बसले होते, आणि लॅबच्या हजेरीत चार ते साडेपाच एकच सही होती.

मधल्या सुट्टीत ऋजुता पाण्याच्या टाकीपाशी बाटली भरत होती.

“सापडलं म्हणे तुला! सर सांगत होते. तेजे, तू ग्रेट आहेस यार!”

“गुरुवारी चार बावन्नला काय केलंस?”

“कुठल्या गुरुवारी?”

“अठराच्या.”

बाटली भरून वाहायला लागली. तिनं नळ बंद केला.

“अगं, ते ऊन! मी एक व्हिडिओ बघितला होता, त्यात सांगितलं होतं लिनियर कर म्हणून. केलं तर काय दिसायला लागलं माहितीये...”

“आणि मोर?”

“तो फिका पडला.”

“लगेच?”

“लगेच. म्हणजे समोरच चालू होता ना.”

तिनं हे इतकं सहज सांगितलं, की मला वाटलं पुढे काहीतरी असेल. काही नव्हतं.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू परत गॅमा करायला लावलं असतंस. माझं ऊन गेलं असतं.”

“नसतं गेलं! एक टिक होती, ऋजू. दोन्ही राहिलं असतं.”

“ते मला कुठं माहीत होतं?”

“मला विचारायचंस. दहा मिनिटांत शोधलं असतं. मी आठ दिवस...”

“तुला आवडतं ना शोधायला,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणला. “आणि खरं सांगू का, मला वाटलं तू वैतागशील आणि काढून टाकशील तो व्हिडिओ. मग शेवटी माझा सूर्यास्त आला असता. सगळा गेम मी सजवायचा आणि शेवटी टाळ्या काकूंना. मलाही काहीतरी वाटतं ना.”

टाकीच्या कडेनं पाणी थेंब थेंब गळत होतं. मला अजून एकच गोष्ट विचारायची होती.

“आईला लॉटचं का विचारलंस?”

“कधी?”

“ती लॅबमध्ये आली तेव्हा. रेशमाचा लॉट फिका आहे का म्हणून.”

ऋजुतानं जरा आठवून पाहिलं. “असंच गं. काहीतरी बोलायला नको का? काकू किती वेळ गप्प उभ्या होत्या.” तिनं बाटलीचं झाकण लावलं. “आणि सापडलं ना आता? मग एवढं काय?”

सोडवलेल्या पाच बोटांचं मी तिला सांगणार होते. शब्द तोंडापर्यंत आलेसुद्धा. पण ते तिला सांगितले असते तर ती “सॉरी हं” म्हणाली असती आणि त्या ताटलीतल्या रेशमावर तिचं सॉरी पडलं असतं. मी गिळले.

*

नाशिकला प्रत्येक जोडीला एक प्रश्न ठरलेला होता. अडचण कोणती आली आणि ती कशी सोडवली? नेहमीप्रमाणे ऋजुतानं माइक हातात घेतला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

पहिलं वाक्य मी माइक उलटा धरून बोलले. पण बोलले! व्हिडिओ कसा फिका पडला, मी चुकीच्या जागी आठ दिवस कशी शोधत राहिले, जुनी प्रत, अकरावं पान, दोनदा उजळणं, एक टिक. परीक्षक बाई पुढे सरकून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, “पण मुळात हे सेटिंग बदललं कसं?”

मी ऋजुताकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. मी माइक तिच्या हातात दिला.

तिच्या हातातच दिला. मला वाटलं, ही ओळ तिची तिनं वाचावी.

तिनं श्वास घेतला, केस मागे सारले आणि छान हसली. “आमच्याकडून चुकून झालं, मॅडम,” ती म्हणाली. “आम्ही दोघी त्या दिवशी घाईत होतो.”

सगळे कौतुकानं हसले. प्रामाणिक आहेत पोरी, असं कोणीतरी म्हणालं. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. शेऱ्यात लिहिलं होतं, प्रकाशयोजना उत्तम.

येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर माझ्यासाठी बॅग ठेवली. मी मागे जाऊन बोडके सरांजवळ बसले. सरांनी सुतळी सोडून स्पर्धेला आणलेली लाल वही मांडीवर उघडली आणि पेन माझ्यापुढे धरलं. गुरुवारच्या नोंदीखाली दोन बोटं जागा होती. मी लिहिलं. ४.५२. रंगाची सेटिंग बदलली. आणि सहीची जागा रिकामी ठेवली.

*

आई ज्यांच्यासाठी विणते त्या शेठकडे दिलेली ती साडी परत आली. शेवटचा मोर वेगळा दिसतो म्हणून. आईनं घडी घातली, मधे मलमल ठेवली आणि कपाटात माझ्या वाटणीच्या कप्प्यात सारली.

परवा आमचा दहावीचा निरोप समारंभ झाला. सगळ्या मुली साड्या नेसून आल्या होत्या. कोणाच्या निऱ्या सुटत होत्या, कोणी पिन तोंडात धरून दुसरीच्या खांद्याला टोचत होती, नुसता गोंधळ! मी ती पैठणी नेसले होते. आईनं नेसवली. आभाराचं भाषणही मलाच करायचं होतं.

ऋजुता आता दुसऱ्या तुकडीत आहे. समोर आली की हसतो आम्ही. परवा ती गर्दीतून सरळ माझ्याकडे आली आणि माझा पदर दोन्ही हातांवर पसरला.

“काकूंनी विणली? कसली भारी आहे यार!” तिचं बोट एकेका मोरावरून सरकत खाली आलं. पहिला, दुसरा, तिसरा. शेवटच्या मोराशी ते थांबलं. “हा एकच गडद का गं? मुद्दाम केलाय? डिझाइन आहे का?”

स्टेजवरून माझं नाव पुकारलं. मी तिच्या हातातून पदर सोडवून खांद्यावर घेतला.

“डिझाइन नाही,” मी म्हणाले. “दोष आहे. गुरुवारी शिरला, चार बावन्नला.”